'अगाशी' खोडून 'गच्ची' केली आणि लेखातला जीवच गेला, तुम्हाला काय वाटतं?

सुरसागरकाठी
बडोद्यात दांडियाबजारला आम्ही सहासात जणी महिन्यातून एकदा बसतो, प्रत्येकीने घरचं काहीतरी लिहून आणायचं. मी आमच्या जुन्या घरावर लिहिलं, जे गेल्या वर्षी विकलं गेलं. त्यात अगाशी, हीचको, ओटलो असे शब्द होते कारण घरात तेच बोलतो, आजीसुद्धा "हीचक्यावर बस गं जरा" म्हणायची, झोपाळा मी शाळेच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला. एक काकू म्हणाल्या, छान आहे पण हे गुजराती काढ, शुद्ध कर. काढलं. घरी येऊन वाचते तर दुसऱ्याच कोणाचं तरी घर! उत्तरायणाला पप्पा बोटाला टेप गुंडाळून अगाशीत पतंग चढवायचे, फिरकी माझ्या हातात, पतंग कापला गेला की न चिडता चिक्की तोंडात टाकायचे. "गच्चीवर" लिहिलं आणि ते पप्पाच राहिले नाहीत. माझं मत, आठवण ज्या भाषेत झाली त्याच भाषेत लिहावी, नाहीतर लिहूच नये.

लाल_पेन
"लिहूच नये" हे अति झालं ताई. नागपूरच्या माणसाला अगाशी म्हणजे विरारजवळचं गाव वाटेल. आणि तोंडात येईल ते कागदावर उतरवलं म्हणजे ते प्रामाणिक, असं कुठंय? माधव जूलियन आपल्या बडोद्यातच जन्मले, १८९४ साली. फारसी शिकवायचे, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, सुरुवातीची कविता फारसी शब्दांनी भरलेली, आणि तोच माणूस पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभा राहिला. मग काय आधी खोटं लिहीत होते की नंतर? शब्द बदलला म्हणून माणूस खोटा होत नाही.

शेव_उसळ
भाई, उदाहरण तुझ्यावरच उलटतंय. मराठीत गझल रुजवली ती त्यांनी फारसीच्या जोरावर, शुद्धीच्या नाही. आणि गच म्हणजे चुन्याचा गिलावा, शब्द फारसी. म्हणजे गुजराती हाकलून फारसी आणली, काकूंना सांगा कोणीतरी 😄

लाल_पेन
गच्ची सगळ्यांना कळते, मुद्दा तेवढाच आहे. वाचणाऱ्याची पण काही सोय बघा.

निवांत
तुम्ही दोघं शब्दांवर भांडत बसलाय. मी त्या दिवशी तिथे होते, लेख मूळ रूपात ऐकलाय. मला एकही शब्द खटकला नाही, खटकलं ते हे की घर "विकलं गेलं" असं तीनदा आलं, आणि बघा, वर परत तेच लिहिलंयस. कोणी विकलं गं? अगाशी आहे, मांजा आहे, चिक्की आहे, सह्या झाल्या ते टेबल कुठंय? जे लपवायचंय ते गुजरातीतही लपतं आणि पुस्तकी मराठीतही.

शेव_उसळ
हे नाही पटलं. घरची माणसं जिवंत आहेत, भाऊ-वहिनी वाचणार, नातेवाइकांत लेख फिरणार. प्रत्येक जखम चारचौघांत उघडी केली म्हणजेच खरं लिहिलं असं असतं का? डायरी कशाला असते मग.

निवांत
नको ना लिहू, कोण जबरदस्ती करतंय. पण मग लेख पतंगावर कर, घर विकण्यावर करू नकोस. दार दाखवायचं आणि आत येऊ द्यायचं नाही, तसं वाटलं ऐकताना. (चहा मात्र मस्त होता त्या दिवशी.)

लाल_पेन
निवांत, हे पटलं. गच्चीवर मात्र मी ठाम.

सुरसागरकाठी
दोन दिवस उत्तर देता आलं नाही, रागच आला होता खरं तर. घर आजीने माझ्या आणि भावाच्या नावावर केलं होतं, सह्या आम्ही दोघांनी केल्या. दस्तावेजाच्या दिवशी पप्पांना सांगितलं बँकेत जातोय. तर ते ओटल्यावर पासबुक घेऊन उभे, म्हणाले जातेच आहेस तर एंट्री मारून आण. हे लेखात घालायचं की नाही अजून ठरत नाहीये, भावाला विचारावं लागेल. हीचको आणि अगाशी तर कालच परत घातले.

आणि हो, एंट्री मी खरंच मारून आणली होती.