मदत हवी आहे: गाडीच्या लोगोवरचं रबर कोटिंग तुकड्यातुकड्यांनी निघतंय

नमस्कार मंडळी. बाबांची २०१४ची स्विफ्ट आता माझ्याकडे आहे. मागचा लोगो आणि अक्षरं काळी करायची होती, पण कायमचा रंग द्यायला मन होईना. म्हणून नंतर सोलून काढता येतं ते मॅट काळं रबर कोटिंग स्प्रेने मारलं.

आधी शॅम्पूने धुतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, भोवती मास्किंग टेप लावली. पहिला हात अगदी विरळ, मग वीस-वीस मिनिटांनी आणखी दोन. टेप मात्र दुसऱ्या दिवशी काढली आणि तिथेच घात झाला. वाळलेलं कोटिंग टेपसोबत ओढलं जाऊन अक्षरांच्या कडांवरून फाटलं. उरलेलं सोलायला गेलो तर नखाएवढे तुकडे पडतायत. तीनच हातांत थर पातळ राहिला, हे आता कळतंय.

त्यावरच आणखी तीन-चार भरपूर हात दिले तर सगळं एकसंध सोलून निघेल का? पेट्रोलने हे विरघळतं, पण आजूबाजूच्या मूळ रंगाला ते लावायची हिंमत होत नाही. बाबांनी तो फार जपलाय. पुन्हा मारताना शेवटचा हात ओला असतानाच टेप काढणार आहे. पण अक्षरांच्या आतल्या बारीक फटींतलं कोटिंग पत्र्याला ओरखडा न पडता कसं काढता? ठाण्यातल्या दमट हवेत दोन हातांमध्ये किती वेळ ठेवता, तेही सांगा.