मोटर नव्हे, पट्ट्या

स्लॉट कार (रुळाच्या खाचेत अडकून विजेवर पळणारी खेळण्यातली गाडी) पावसाळ्यात बंद पडायची म्हणजे मोटर जळायची, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. मोटर सहसा ठणठणीत असते. गाडीला १२ व्होल्टची वीज मिळते ती खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांवरून, पोटाखालच्या तांब्याच्या तारांच्या वेणीतून. पट्टीवर जरा गंज चढला की गाडी आचके देत थांबते. त्यात आमचा बेळगावचा पाऊस! टिळकवाडीतल्या घरात चामड्याच्या चपलांना बुरशी यायची, तिथं या पट्ट्यांची काय कथा. मामानं मस्कतहून आणलेल्या सेटचे रूळ आम्ही शाळेच्या खोडरबरानं घासायचो, वेणी टाचणीनं पिंजारायचो, की गाडी परत सुसाट (लाईट असली तर). पॉलिश पेपर मात्र लावू नका, मुलामा निघतो आणि गंज आणखी लवकर धरतो.

आणि वळणावर गाडी खाचेबाहेर उडते अशीही तक्रार करतात, ती कसली? १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक हा स्लॉट कारचा ब्रँड आला तेव्हा गाडीखाली पकड धरायला चुंबक नव्हतं. वळणाआधी बटणावरचं बोट सैल सोडून वेग कमी करायचा, हाच तर खेळ. चुंबकवाल्या गाड्या माझा आत्तेभाऊ डोळे मिटून पळवतो, मजा शून्य.