पैसा कुठे थांबतो तेही बघा

संरक्षणखर्चातून रोजगार मिळतो का, या चर्चेत तो मिळतच नाही असं म्हटलं गेलं; ते मला अर्धंच पटतं. 2025-26च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे 6.81 लाख कोटी होते. त्यातले 1.60 लाख कोटी पेन्शनचे आणि भांडवली खर्च, म्हणजे मुख्यतः नवी खरेदी आणि बांधकामं, 1.80 लाख कोटी. नवं काम निघतं ते मुख्यतः या दुसऱ्या रकमेतून, आणि तेही माल इथे बनला तरच.

आमच्या वास्कोचंच घ्या. गोवा शिपयार्ड पोर्तुगिजांनी 1957 साली सुरू केलं. आज तिथे नौदलाच्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, बांधल्या जातात. 2024च्या जुलैत त्यातल्या 'त्रिपुट'चं जलावतरण झालं. पण तिला चालवणारी गॅस टर्बाइन युक्रेनची, म्हणजे तेवढा पैसा देशाबाहेरच गेला.

माझा चुलतभाऊ कुडचड्याला खनिजाचा ट्रक चालवायचा. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारातच उभा राहिला, चाकांभोवती गवत गुडघाभर वाढलं. त्याने वेल्डिंग शिकून घेतलं आणि एका कंत्राटदाराकडे जहाजाच्या कामावर लागला. हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत, पण त्या मजुरीवर दोन्ही पोरांची शाळा सुटली नाही. मात्र त्याच्या हातचं काम संपलं की पुढची ऑर्डर येईपर्यंत तो घरी बसतो. जहाजाची ऑर्डर काही दरवर्षी येत नाही. म्हणून नुसती नोकऱ्यांची संख्या मोजू नका, त्या वर्षातले किती महिने टिकतात तेही मोजा. या चर्चेत ते कुणीच विचारलेलं नाही.