मदत हवी: एएसओ (घशातल्या जंतूची रक्तचाचणी) वाढलेला आलाय, म्हणजे संधिवाताचा तापच का?

डिचोलीची_आई: मुलाला ताप आहे, गुडघा सुजलाय. एएसओ ४०० च्या वर आला. डॉक्टर "बघूया" म्हणाले, परवा बोलावलंय. तोवर काय करू? पटकन सांगा, डोकं चालेनासं झालंय.

म्हापशेकर: वय किती? एकच गुडघा? ताप कधीपासून? काहीच न सांगता विचारलंत तर उत्तर काय देणार?

फोंड्याचा_बाबू: निर्गुंडीचा पाला गरम करून बांधा. भाच्याला उतार पडला होता. आणि आरए फॅक्टर (आमवाताची रक्तचाचणी) करून घ्या.

निवृत्त_नर्स: आरए फॅक्टरचा इथे संबंध नाही बाबू. हा ताप घशातल्या स्ट्रेप्टोकोकसनंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो, बहुतेक ५ ते १५ वयात. बाई, आधी घसा दुखला होता? सूज जागा बदलते का? गोळी कोणती चालू आहे?

डिचोलीची_आई: वय ९. चवथीच्या तोंडावर घसा धरला होता, आपोआप सुटला. आधी उजवा घोटा सुजला, तो उतरला तसा डावा गुडघा. चादर लागली तरी किंचाळायचा. फार्मसीतून आयबुप्रोफेन आणून दिलं, सकाळपर्यंत सूज गायब. मग बरा झाला ना?

निवृत्त_नर्स: नाही हो. या आजारात सांधा अशा गोळ्यांनी झटकन उतरतो आणि फिरती सूज डॉक्टरांना बघायलाच मिळत नाही. कधी काय दिलं ते त्यांना सांगा. शिवाय डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन नकोच.

वाळपईवाला: एएसओ वाढला की झालं निदान! पेनिसिलिन सुरू करा. शेजारचा मुलगा दर २१ दिवसांनी सुई घेतो, ठणठणीत आहे.

म्हापशेकर: चूक. एएसओ म्हणजे जंतू येऊन गेला, एवढंच. धडधाकट शाळकरी पोरांतही तो वाढलेला सापडतो. निदान जोन्स निकषांवर होतं. १९४४ चे आहेत, २०१५ ला सुधारले. सांधे, हृदयाची सूज, कोरिया (हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली), लाल कडांचे चट्टे, कातडीखालच्या गाठी ही मुख्य लक्षणं. यांतली दोन, किंवा एक आणि जोडीला ताप, रक्तात वाढलेले ईएसआर-सीआरपी (सूज दाखवणाऱ्या चाचण्या), ईसीजीतला लांबलेला पीआर (हृदयात वरून खाली संदेश जायला लागणारा वेळ) यांपैकी दोन. जंतूचा पुरावा वेगळा लागतो, तिथे एएसओ कामाचा.

वाळपईवाला: निकष मोजेपर्यंत हृदयाची झडप जाईल त्याची.

म्हापशेकर: आणि रोगच नसेल तर पोराला वर्षानुवर्षं सुया टोचायच्या?

पर्वरीची_मावशी: आमच्या नातीचे पाय रात्री दुखायचे. कॅल्शियम दिलं, थांबले.

म्हापशेकर: मावशी, ते वाढीचं दुखणं. त्यात ना सूज ना ताप, सकाळी मूल खेळायला पळतं.

फोंड्याचा_बाबू: निर्गुंडी हवी तर आमच्या कुळागरात भरपूर आहे. पत्ता व्यनि करतो.

निवृत्त_नर्स: बाबू, पुरे! बाई, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का? संशय असला की तो करायचाच. स्टेथोस्कोपला आवाज आला नाही तरी झडप गळत असेल तर इकोत दिसते. धाप वगैरे लागते का त्याला?

डिचोलीची_आई: इको नाही सांगितला. धाप... कालपासून जिना चढताना मध्येच बसतो. रात्री दोन उशा मागितल्या. मला वाटलं तापामुळे.

निवृत्त_नर्स: हे हृदयाचं असू शकतं, परवापर्यंत थांबू नका. आत्ता बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या.

डिचोलीची_आई: हे गाडी काढतायत.

निवृत्त_नर्स: धाप आहे, १०८ बोलवा. रिपोर्ट आणि ती गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.