मदत हवी आहे : होडीचं जुनं इंजिन पाच मिनिटांत बंद पडतंय (तातडीचं)

भीमाकाठ (सोमवार, रात्री)
मंडळी, भिगवणला उजनीच्या पाण्यात मामांची होडी आहे. तिचं आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायचं) इंजिन हडपसरला घरी आणून दुरुस्त केलं, भंगारातल्या दुसऱ्या इंजिनाचे भाग घालून. दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला चालू होतं, पाच मिनिटं झकास चालतं, मग घुसमटतं आणि बंद. दहा मिनिटांनी परत चालू. प्लग बदलले, कार्ब्युरेटर दोनदा धुतला. रोहित (फ्लेमिंगो) यायला लागलेत, पक्षी बघायला येणारे फोन करतायत आणि मामा रोज विचारतात. रविवारच्या आत व्हायलाच हवं. काय बघू?

नानापेठी
कुठलं इंजिन? किती हॉर्सपॉवर? टू-स्ट्रोक की फोर? नुसतं आउटबोर्ड म्हटल्यावर आम्ही काय सांगणार!

आरएक्सवाला
टू-स्ट्रोक असेल तर सायलेन्सर चोंदलाय, लिहून देतो. माझ्या आरएक्स 100 चं अगदी हेच झालं होतं. कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवा.

जुना_दर्यावर्दी
आरएक्सवाला, होडीच्या इंजिनाला तसा सायलेन्सर नसतो. धूर खालच्या पायातून, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागातून, पाण्यात जातो. आणि पाय ॲल्युमिनियमचा असतो, कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. कृपा करून असले सल्ले देऊ नका.
भीमाकाठ, इंजिन पाण्याच्या पिंपात चालवताय की होडीवर? मागून पाण्याची धार येते का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा असतो का? आणि भंगारातून नेमकं काय काय घेतलं?

चिंचवडकर
मी म्हणतो, विकून टाका आणि नवीन फोर-स्ट्रोक घ्या. आवाज कमी, धूर नाही, पक्षीही बुजत नाहीत.

भीमाकाठ
यामाहा, 8 हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. नवीन घ्यायला पैसे असते तर इथे कशाला लिहिलं असतं? मामांचं घर या होडीवर चालतं. पिंपात चालवतोय, पंखा (प्रोपेलर) काढून. हवेचा स्क्रू उघडा. धार येते, जरा बारीक. भंगारातून सीडीआय (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), इग्निशन कॉइल, दोरीची स्प्रिंग, इंधन पंप आणि इंपेलर (थंड करायचं पाणी वर ओढणारं रबरी पात्यांचं चाक) घेतला. कॉइल तापल्यावर दगा देत असणार, असं मला वाटतं.

नानापेठी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना दादा.

जुना_दर्यावर्दी
इंपेलर भंगारातला?? तो आधी काढा. धातूचा भाग भंगारातला चालतो, रबर कधीही नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेल्या इंपेलरची पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात, मग पाणी उचलत नाहीत. धार बारीक आहे ती त्यामुळेच. असंच दामटलं तर इंजिन तापून पिस्टन धरेल, म्हणजे जाम होईल.
बंद पडण्याचं कारण मात्र वेगळं असू शकतं. इंजिन घुसमटायला लागलं की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबत राहा. सावरलं तर पेट्रोल पोचत नाहीये. सावरलं नाही तर तापलेलं असतानाच प्लग काढून ठिणगी बघा, पण प्लगचा धातू इंजिनाला टेकवूनच. अधांतरी ठेवून दोरी ओढलीत तर सीडीआय जाईल.

आरएक्सवाला
तेल किती घालता?

भीमाकाठ
लिटरला 20 मिली.

आरएक्सवाला
फार कमी. 40 करा.

जुना_दर्यावर्दी
20 मिली म्हणजे 50 ला 1, बरोबर आहे. दुप्पट तेल नवीन पिस्टन-रिंग बसवल्यावर, सुरुवातीच्या काही तासांपुरतं. एरवी प्लग काळे पडतात. त्यापेक्षा तेल कुठलं ते बघा. डब्यावर टीसी-डब्ल्यू3 (पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाची खूण) लिहिलेलं हवं. मोटारसायकलचं टू-टी हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

कात्रजकर
खरा दोष पेट्रोलचा आहे. 20 टक्के इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, नळ्या आतून मऊ पडतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीत महिनोन्महिने ठेवलं की खाली पाण्याचा थर जमतो. या विषयावर वेगळा धागा काढायला हवा.

रानपाखरू
रोहित आले का?! किती आहेत? आम्ही चौघं रविवारी यायचं म्हणतोय, होडीचं भाडं किती? आणि लाइफ जॅकेटं असतात ना? गेल्या वेळी नव्हती, जीव मुठीत धरून बसलो होतो.

खडकीचा_संज्या
खडकवासल्यात स्वतःची होडी घालायला परवानगी कुणाकडे मागायची?

भीमाकाठ (बुधवार)
दर्यावर्दी काका, फुगा दाबला आणि इंजिन सावरलं! दाबत राहिलो तोवर वीस मिनिटं चाललं. मग इंधन पंप उघडला. आतला पडदा वाळलेल्या केळीच्या पानासारखा कडकडीत, उजेडात धरला तर कडेला केसाएवढी चीर. दोन दिवस मी उगाच कॉइलच्या मागे होतो.
इंपेलरही काढला. सगळी पाती एका बाजूला झोपलेली, बोटाने सरळ केली तरी परत तशीच. एकाच्या बुडाशी तडा.
पडदा आणि इंपेलर पुण्यात कुठे मिळेल? नाना पेठेत चार दुकानं फिरलो, जुन्या बाजारातही बघितलं.
रानपाखरू, जॅकेटं सगळ्यांना आहेत.

नानापेठी
नाना पेठेत मोटारसायकलचं सगळं मिळेल, हे नाही. मुंबईला भाऊच्या धक्क्याकडे विचारा, नाहीतर अलिबाग-मुरुडकडे. इंजिनावरच्या पट्टीचा मॉडेल नंबर जसाच्या तसा पाठवा, फोटोही पाठवा.

चिंचवडकर
बॅटरीवरच्या मोटरी आल्यात आता.

जुना_दर्यावर्दी
शाब्बास. इंपेलर बसवताना शाफ्टवरची चंद्रकोरीसारखी चावी (इंपेलर शाफ्टला अडकवणारा धातूचा तुकडा) ग्रीसने चिकटवून ठेवा. पडली तर चिखलात सापडत नाही. नवीन पाती थोडी ग्रीस लावून, शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत आत बसवा. आणि पाण्याशिवाय एक क्षणही चालवू नका, कोरडं रबर लगेच जळतं.
पाय सुटाच आहे तर गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून बघा. रंग कसा आहे?

भीमाकाठ
आत्ताच बघितलं. दुधी आहे. चहासारखं.

जुना_दर्यावर्दी
म्हणजे आत पाणी शिरतंय. पंख्याच्या शाफ्टची पाणी अडवणारी सीलं गेली असणार. तीही नवीनच मागवा, इंपेलरबरोबर एकाच पार्सलमध्ये. रविवार विसरा. असंच पाण्यात घातलंत तर गिअर जातील, आणि गिअरची किंमत तुम्हाला माहीत आहे.

भीमाकाठ
बरं. मामांना फोन करतो. या रविवारपुरती शेजारच्यांची होडी मिळते का बघतो.