पर्यावरणपूरक प्रवास नेमका कोण निवडतो?

वनाझवासी:
गेली दोन वर्षे मी पुण्यात स्कूटर घरी ठेवून वनाझहून सिव्हिल कोर्टापर्यंत मेट्रोने जातो आणि तेथून कार्यालयापर्यंत चालत जातो. मार्च २०२२ मध्ये ही मेट्रो गरवारे महाविद्यालयापर्यंत धावू लागली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती पुढे रूबी हॉलपर्यंत गेली. तरी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधील दुचाकी काही हलल्या नाहीत. माझ्यासोबत स्थानकाकडे निघणारे शेजारी मोजून दोन आहेत. यावरून माझे मत असे झाले आहे की ज्याला शहराच्या हवेची मनापासून काळजी आहे, तोच असा प्रवास निवडतो आणि इतरांकडे केवळ सबबी असतात. मतभेद असल्यास कारणांसह मांडावेत.

पौड फाटा:
‘निवडतो’ या शब्दालाच माझा आक्षेप आहे. सकाळी सव्वासहाला फिरायला निघालो की रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक मला रोज दिसतात. जुनी काळी सायकल, हँडलला लटकणारा रिकामा डबा आणि साखळीत अडकू नये म्हणून सुतळीने बांधलेली उजव्या पायाची विजार, असा त्यांचा थाट असतो. धुराचा हिशेब मांडला तर या शहरातील सर्वांत स्वच्छ प्रवास त्यांचाच ठरेल. पण त्यांना कोणी पर्यावरणप्रेमी म्हणत नाही आणि तेही स्वतःला तसे समजत नाहीत. त्यांतील एकाच्या मुलाने नोकरी लागताच हप्त्यावर दुचाकी घेतली, तेव्हा बापाने कौतुकाने पेढे वाटले. त्यात त्याचे काय चुकले?

पुणे सायकलींचे शहर होते, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या काळी आकुर्डीत तयार होणारी चेतक स्कूटर पुणेकरालाही नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहूनच मिळत असे, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. स्कूटर सहज मिळू लागल्यावर किती सायकली अडगळीत गेल्या, ते आपल्यापैकी अनेकांनी घरातच पाहिले आहे.

वनाझवासी:
नाइलाजाने सायकल चालवणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. सोय दाराशी आलेली असताना आणि खर्च परवडत असताना जे वाहनच काढतात, त्यांच्याविषयी मी बोलत आहे.

धायरीकर गृहिणी आणि नोकरदारही:
घरातून निघून थेट कार्यालयात आणि कार्यालयातून थेट घरी, असा सरळ रेषेतला प्रवास ज्याच्या वाट्याला येतो, त्याला मेट्रोचे व्रत पाळणे सोपे आहे. मी सकाळी मुलीला शाळेत सोडते, तेथून कामावर जाते, परतताना सासऱ्यांची औषधे आणि भाजी घेते, मग शिकवणीच्या दाराशी पुन्हा मुलीसाठी थांबते. हे चार थांबे बसने करायचे म्हटले तर स्वयंपाकाला रात्रीचे नऊ वाजतील. त्यातच जून २०२५ पासून पीएमपी या शहर बससेवेचे किमान तिकीट पाचवरून दहा रुपये आणि चाळीस रुपयांचा दैनंदिन पास सत्तर रुपये झाला. आम्ही दोघी बसने गेलो तर स्कूटरच्या पेट्रोलहून अधिक पैसे जातात. हवेची काळजी मलाही आहे. मुलीला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे ही काळजी तुमच्याहून थोडी अधिकच असेल.

हडपसरचा जुना प्रवासी:
ताईंची अडचण खरी आहे, तरीही सगळे खापर सोयीवर फोडणे मला पटत नाही. डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेटहून कात्रज आणि हडपसरच्या दिशेने बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, सुरू झाली, तेव्हा बससाठी राखलेल्या मार्गिकेत पहिल्या दिवसापासून कोण घुसले? आपणच. पुढे नगर रस्त्यावरील मार्गिका उखडली गेली, तीही वाहनचालकांच्या कोंडीच्या तक्रारींवरून. बसमध्ये उभ्याने जाणाऱ्याला कोणी विचारले नाही. २०१७ च्या अखेरीस विद्यापीठात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या होत्या. त्यांतील काही लोकांच्या आवारात कुलूपबंद सापडल्या, काहींची सीटे गेली आणि काही वर्षांत तो सगळा प्रयोगच दिसेनासा झाला. सोय आपोआप उगवत नाही आणि आपोआप नाहीशीही होत नाही. तेव्हा वनाझवासी ज्या वृत्तीकडे बोट दाखवतात, ती अगदीच काल्पनिक नाही.

पौड फाटा:
मार्गिकेत घुसणारा आणि उभ्याने जाणारा या दोघांना ‘आपण’ या एकाच शब्दात बसवू नका. नेमका तेथेच आपला वाद आहे.

वनाझवासी:
ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर काल सायंकाळी पार्किंगमध्ये उभा राहून चौकशी केली. माझे घर स्थानकापासून सात मिनिटांवर आहे, मुले मोठी झाली आहेत आणि कार्यालयाची वेळ ठरलेली आहे, हे मी आधीच सांगायला हवे होते. ज्यांना मी नावे ठेवली, त्यांतील तिघे या मेट्रोच्या मार्गावर नसलेल्या हिंजवडीला कामाला जातात आणि एक बाई दोन ठिकाणी शिकवतात. त्यांच्याबाबत माझे विधान मागे घेतो. उरलेल्यांपैकी पाच जण मात्र याच मार्गावरच्या डेक्कनलाच जातात आणि तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून रोज कुरकुरतात. त्यांच्याविषयीचे माझे मत कायम आहे.