22.2 टक्क्यांचा ढोल

उन्हाळी_बंडू: चीनमधल्या वुहानच्या संशोधक गटाने 2024 मध्ये छापील पेरोव्हस्काइट सोलर सेल (पेरोव्हस्काइट म्हणजे सिलिकॉनऐवजी वापरायचं, द्रावातून बनणारं स्फटिक) 22.2 टक्क्यांवर नेला, म्हणजे पडलेल्या उन्हातली एवढी ऊर्जा विजेत. आधी हा प्रकार 19 च्या आसपास रखडला होता. आजच्या सिलिकॉन पॅनेलचे दिवस भरले. लग्नपत्रिका छापतात तसे पॅनेल छापायचे, गच्चीवर चिकटवायचे. आत्ता सिलिकॉन बसवणारे निव्वळ मूर्ख.

खडूस_काका: गेल्याच महिन्यात सिलिकॉन बसवलंय, तेव्हा मूर्खांतर्फे उत्तर देतो. 'चिकटवायचे' कुठून आणलंत? वुहानच्या सेलमध्ये काचेवर टायटॅनियम डायऑक्साइड, मग झिर्कोनिया, मग कार्बन असे सच्छिद्र थर छापून 400 अंशांच्या आसपास भाजतात. प्लास्टिकची त्या भट्टीत वडी होईल. आणि खुद्द पेरोव्हस्काइट छापतच नाहीत! त्याचा द्राव शेवटी कार्बनवर सोडतात, तो झिरपत खाली जातो. कुठे पोकळी राहिली की तेवढा भाग वाया. शिवाय इतर सेलमध्ये होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरणारी धन जागा) वेचून घेणारा वेगळा थर असतो, तो इथे नाही. होलला कार्बनपर्यंत लांबची पायपीट, वाटेत इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही संपले. टक्के मागे राहत होते ते म्हणून. वुहानवाल्यांनी ती गळती कमी केली, मान्य. पण टिकाऊपणा? 55 अंशांना 750 तासांनंतर मूळ क्षमतेच्या 97 टक्के शिल्लक. 750 तास म्हणजे 31 दिवस हो! माझ्या पॅनेलला 25 वर्षांची हमी आहे. आणि मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर पॅनेल 65 च्या वर तापतं.

स्क्रीनवाला: 28 वर्षं पत्रिका छापतोय. 'पत्रिका छापतात तसे' म्हणणाऱ्याने एकदा स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, हातात धरावी. रबराला नखाएवढी खाच पडली की हजार पत्रिकांवर तीच रेघ. एका लग्नात वराच्या आजोबांच्या नावावरून गेली होती, मुलीकडचे दुकानात येऊन बसले. पत्रिका वाचता तरी येते, सेलमध्ये अशी रेघ चालेल का? चिमुकल्या तुकड्यावर विक्रम होईल. हातभर काचेवर थर सारखा आणून दाखवा.

उन्हाळी_बंडू: सगळे रडेच जमलेत. गळती कशाने कमी केली ते तरी बघा. टायटॅनियम डायऑक्साइड आणि पेरोव्हस्काइटच्या सीमेवर अमोनियम फॉस्फेट. साधी, स्वस्त वस्तू.

बागायतदार: अमोनियम फॉस्फेट म्हणजे आमचं डीएपी खत?

खडूस_काका: भाऊबंद.

बागायतदार: स्वस्त? 1350 ची पिशवी घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, सोबत या दोन बाटल्या घ्या, नाहीतर माल संपलाय. डोळ्यांसमोर थप्पी लागलेली. आता ते सेलला पण लावणार!

कोरडवाहू: आमच्याकडे बाटल्या नाहीत, गंधकाची पिशवी गळ्यात मारतात. पावती मागितली की मशीन बंद.

बागायतदार: तक्रार केली का?

कोरडवाहू: केली. पुढच्या हंगामात मलाच माल नाही.

स्क्रीनवाला: माझ्या मेहुण्याने अशाच लिंकिंगवाल्या (खतासोबत नको ते गळ्यात मारणाऱ्या) दुकानदाराचा व्हिडिओ काढला होता. दुकानदार नात्यातलाच निघाला. दिवाळीला बोलणं बंद.

उन्हाळी_बंडू: सोलरवर बोला!! खताचा धागा वेगळा काढा.

बागायतदार: तुम्हीच आणलंत खत. शेतात पाय ठेवलाय का कधी?

उन्हाळी_बंडू: ठेवलाय, आणि तुमच्यासारखं जिथे तिथे रडगाणं गायलो नाही. काका, प्लास्टिकची वडी म्हणालात ना? वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाने 2023 मध्ये कमी तापमानाला चालणारा कार्बन काढून प्लास्टिकच्या रोलवर कार्बनसकट सेल छापले. आधी कार्बनच्या जागी सोन्याची वाफ बसवावी लागायची.

खडूस_काका: किती टक्के?

उन्हाळी_बंडू: 10.8.

खडूस_काका: म्हणजे 22.2 काचेवर आणि चिकटवाचिकटवी 10.8 ला. दोन बातम्यांना एकच बाशिंग बांधलंत की.

उन्हाळी_बंडू: पेरोव्हस्काइट 2009 मध्ये 3.8 वर होतं. तेव्हाही तुमच्यासारखे काका असतीलच.

खडूस_काका: असतील. वडीचं मागे घेतो, अर्धं. सोनं गेलं हे मात्र खरंच मोठं काम. पण रोल गच्चीवर दोन पावसाळे काढू दे, मग मला मूर्ख म्हणा. तोवर 31 दिवसांनी पॅनेल बदलायला शिडी तुम्ही धरा.

स्क्रीनवाला: छापायला माझ्याकडेच या. आजोबांचं नाव नसेल तर सवलत.

बागायतदार: नागपूरवाले काका, तुमच्याकडे डीएपी बाटलीशिवाय मिळतंय का?